वजन उतरवताना किती कमी खाल्लेलं चालतं?

आधी उत्तर देते, मग कारणं. डॉक्टरांची देखरेख नसेल तर बाईने दिवसाला १२०० कॅलरींच्या खाली आणि पुरुषाने १५०० च्या खाली उतरू नये. ८०० च्या खालचा आहार हा वैद्यकीय उपचार आहे, तो मोबाइलवर बघून घरी करायचा नसतो. पण १२०० हा आकडा वाचून लगेच तिथेच जाऊन बसू नका. तो शेवटचा तळ आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींचा स्वतःचा तळ त्याच्या वर असतो. तो कसा काढायचा, ताटात काय यायला हवं आणि कुठे थांबायचं, ते सांगते.

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुळशीचं लग्न लागलं की लग्न ठरलेल्या मुली यायला लागतात. तारीख ठरलेली, ब्लाउज शिवायला टाकलेले, आणि दीड महिन्यात आठ किलो उतरवायचे असतात. बरोबर आई किंवा मावशी असते. सध्या काय खातेस असं मुलीला विचारलं की यादी बहुतेक तीच असते: सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, अकराला पपई, दुपारी एक पोळी आणि काकडी, रात्री सूप. हिशेब केला तर फार तर सहाशे-सातशे कॅलरी, आणि प्रोटीन वीस ग्रॅमसुद्धा नाही. हिमोग्लोबिन अनेकदा नऊ-साडेनऊ निघतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे डाएट सुरू करतानाच आपल्याकडच्या अर्ध्याहून जास्त बायकांची गंगाजळी आटलेली असते.

आयांचा एक प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. "मॅडम, आम्ही एकादशी, चतुर्थी करतोच की. मग कमी खाल्ल्यानं बिघडतं काय?" धडधाकट माणसाचं एका दिवसाच्या उपासाने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी जेवण होतं, आणि उपासाच्या दिवशीही साबुदाण्याची खिचडी एका बशीत चारशे कॅलरी सहज देते. (प्रोटीन मात्र त्यात दाण्याच्या कुटाचं तेवढंच. साबुदाण्यात नुसता पिष्टमय भाग.) बिघडतं ते आठवड्यांमागून आठवडे सातशेवर राहिल्याने. शरीर एक दिवस सांभाळून घेतं, महिनाभर सांभाळायचं म्हटलं की ते खर्चाला कात्री लावतं आणि स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं.

हे फार पूर्वीच नीट तपासून झालं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं भरवायचं, हे शोधायचं होतं. त्या मुलांचं वजन जवळपास चौथाईने घटलं. त्यांना सतत थंडी वाजायची, नाडी मंदावली, केस गळले, चिडचिड आणि उदासी आली. दिवसभर डोक्यात फक्त अन्न; काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आणि त्यांना मिळत किती होतं? दिवसाला साधारण १५७० कॅलरी. ते पुरुष होते, रोज भरपूर चालायचे, आणि आधी त्यांना याच्या दुप्पट लागायचं, म्हणून त्यांना १५७० उपासमार ठरली. कमी की जास्त हे आकड्यावर ठरत नाही, तो आकडा कुणाच्या अंगाला लावलाय त्यावर ठरतं.

तुमचा तळ काढा

कागद-पेन घ्या. नुसतं पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालवायला शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती आधी काढायची. जिममध्ये याला बीएमआर म्हणतात. १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन-सेंट जिओर यांचं सूत्र आम्ही वापरतो. वजन किलोत घेऊन १० ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. मग बाई असाल तर आणखी १६१ वजा, पुरुष असाल तर ५ अधिक.

बँकेत बसून काम करणारी ३४ वर्षांची बाई धरू. उंची १५८, वजन ६८. ६८० अधिक ९८७, वजा १७०, वजा १६१. साधारण १३३५. हे सूत्र अमेरिकन लोकांवरून बेतलेलं असल्याने आपल्याकडे थोडं जास्त उत्तर देतं, म्हणून १२७० ते १३३५ च्या मधे कुठेतरी धरा. बैठं काम असेल तर १.४ ने गुणायचं. म्हणजे दिवसाचा एकूण खर्च १८०० ते १८५०. त्यातून ४५० ते ५०० कमी केले की खायचा आकडा मिळतो: १३५०. याने आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास उतरतं, पुढे पुढे थोडं कमी. एवढ्यावर नाराज होऊ नका. चार-पाच महिन्यांत सहा-सात किलो चरबी जाणं हे मोठं काम आहे.

पंचाऐंशी किलोचा, १७० सेंटिमीटर उंचीचा चाळिशीतला पुरुष असेल तर विसाव्याचा खर्च १७०० च्या पुढे येतो, एकूण २४०० च्या आसपास. त्याने १८०० ते १९०० खावं. १५०० सुद्धा त्याला कमीच पडेल, आणि हे गृहस्थ बरेचदा बायकोसाठी लिहून दिलेला १२०० चा तक्ता जोडीने पाळत असतात. कौतुकाची गोष्ट, पण दादा, तुमचा तक्ता वेगळा.

आता अवघड गणित. साठीच्या मावशी, उंची १५०, वजन ५५. विसाव्याचा खर्च १०२५, एकूण कसाबसा १४४०. यातून ५०० काढले तर ९४० उरतात. इथे हे गणित पुढे न्यायचंच नाही. मावशींना ५०० ची तूट झेपणार नाही, कारण त्यांच्याकडे काढायला जागाच नाही. त्यांनी फार तर दोन-अडीचशे कमी करावेत, १२०० वर थांबावं, आणि बाकीचं चालण्यातून आणि हलक्या वजनाच्या व्यायामातून साधावं. साठीनंतर गेलेला स्नायू परत आणणं कठीण असतं, आणि घरात पडून खुबा मोडण्याची भीती वाढते. खरं तर १५० उंचीला ५५ वजन असेल तर वजनाऐवजी कंबर मोजा. बायकांची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत असेल तर मी डाएट लिहूनच देत नाही.

व्यायाम कराल तितका तळ वर जातो

ही गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. सकाळी तासभर झुंबा, संध्याकाळी चालणं आणि खाणं मात्र हजारावर. आकडा पाळला म्हणून त्या खूश असतात. दोन-तीन महिन्यांनी पाळी चुकते.

ओहायो विद्यापीठातल्या ॲन लाउक्स यांनी यावर बरंच काम केलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तरुण, पाळी नियमित असलेल्या मुलींना वेगवेगळ्या प्रमाणात कमी ऊर्जा दिली. व्यायामाचा खर्च वजा जाऊन उरलेली ऊर्जा, चरबी सोडून बाकीच्या शरीराच्या दर किलोमागे ३० कॅलरींच्या खाली गेली, की पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचं (हार्मोनचं) ठरावीक अंतराने रक्तात येणं विस्कटायला लागलं. तेही पाच दिवसांत.

हे आपल्या मुलीला लावून बघू. वजन ५८ किलो, त्यात चरबी साधारण ३० टक्के. उरलेलं शरीर ४० किलो. गुणिले ३०, म्हणजे १२००. ही न हलता घरी बसलेल्या मुलीची गरज झाली. झुंब्यात अडीचशे जात असतील तर त्या दिवशी पोटात १४५० तरी पडायलाच हवेत. १००० खाऊन झुंबा करणाऱ्या मुलीकडे बाकीच्या शरीरासाठी ७५० उरतात. इतक्या टंचाईत शरीर पहिलं काय बंद करणार? ज्याच्याशिवाय आज जगता येतं ते, म्हणजे पाळी. मग केस, मग हाडांची भर. पाळी थांबली म्हणजे "बरंच झालं, लग्नात नको" असं म्हणून सोडून देऊ नका. तीन महिने आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच.

१३५० मध्ये काय बसतं

आकडा ठरला की प्रोटीन आधी बसवा, बाकी मागून. एरवी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगतात. वजन उतरवताना मी किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास धरते, म्हणजे स्नायू वाचतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही.

शाकाहारी घरातला एक दिवस सांगते. कडधान्यं, पिठं सगळी कच्ची मोजलेली. सकाळी शंभर मिली दूध आणि एक चमचा साखर घातलेला चहा. नाश्त्याला पन्नास ग्रॅम मूगडाळ भिजवून तिची दोन धिरडी, एक चमचा तेलावर, आणि लहान वाटी दही. दुपारी साठ ग्रॅम पिठाच्या दोन लहान ज्वारीच्या भाकरी, चाळीस ग्रॅम मटकीची उसळ, मेथी किंवा पोकळ्याची भाजी, कोशिंबीर, ताक. सगळ्यात मिळून दीड चमचा तेल. चारच्या सुमाराला मूठभर फुटाणे आणि एक पेरू. रात्री एक फुलका, घट्ट वरणाची वाटी, साठ ग्रॅम पनीरची भाजी, एक चमचा तेल. एकूण १३५० च्या आसपास कॅलरी आणि साठ-पासष्ट ग्रॅम प्रोटीन. मांसाहारी असाल तर सोपं जातं: पनीरच्या जागी दोन अंडी, नाहीतर बांगडा, नाहीतर चिकनच्या रश्श्यातले तीन-चार तुकडे, वरची तर्री बाजूला काढून.

असं ताट ९०० मध्ये बसत नाही. बसवायला गेलं की पहिली उसळ जाते, मग वरण जातं, आणि काकडी-गाजर उरतं. बायकांना दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं २०२० च्या शिफारशीत आहे. ते भरल्या ताटातूनही पुरं करायला कष्ट पडतात, सूप आणि पपईतून मिळणारच नाही.

मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पंधरवडाभर वापरा. दोन आठवड्यांत डोळ्याला अंदाज येतो, मग काटा ठेवून द्या. जन्मभर मोजत बसायचं नाही. तेलाचा हिशेब मात्र ताटात लागत नाही, तो वाण्याच्या यादीत लागतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल येत असेल तर माणशी रोजचं तीस ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी झाल्या. त्यातलं एक लिटर कमी केलं तर कुणाच्याही पानातली पोळी न काढता प्रत्येकाचे सत्तर-एक वाचतात.

"मॅडम, मी आठशेच खाते, तरी काटा हलत नाही." हे मला वारंवार ऐकायला मिळतं आणि ते सांगणारी बाई खोटं बोलत नसते. अमेरिकेत १९९२ साली अशाच लोकांचं खाणं आणि खर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला, तेव्हा ते सांगत होते त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट खात होते, आणि त्यांचा चयापचय अगदी ठीक होता. चमच्यातलं तूप, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चहाबरोबरची खारी, हे लक्षात राहत नाही. धोका असा की "आठशेवरही उतरत नाही" म्हणून ती सहाशेवर जाते, चार दिवस खरंच सहाशे खाते, पाचव्या दिवशी भूक अनावर होते. तेव्हा काटा अडला तर आधी आठवडाभर सगळं लिहून काढा. खाणं कमी करायचा विचार त्यानंतर.

यांनी स्वतःच्या मनाने करायचंच नाही

गरोदर बाई. अंगावर पाजणारी आई; तिला पहिले सहा महिने उलट रोजच्या ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि सव्वा महिना झाला की "आता पोट कमी कर" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगा. अठराच्या आतली मुलंमुली. क्षयातून नुकती उठलेली माणसं. मूत्रपिंडाचे, यकृताचे रुग्ण. ज्यांचं वजन उंचीच्या मानाने मुळातच बरोबर किंवा कमी आहे ते.

मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांना मी हात जोडून सांगते. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेऊन खाणं अर्ध्यावर आणलं तर साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर उपास किंवा पोळी-भात पूर्ण बंद केला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. मळमळ, उलट्या, धाप लागली तर थेट रुग्णालय. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरलं की जड होतो. उभं राहताना अंधारी येते.

"मग परदेशात आठशेच्या आहाराने मधुमेह घालवतात ते?" खरं आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, २०१७ साली निकाल आला त्यात, ८२५ ते ८५३ कॅलरींवर तीन ते पाच महिने ठेवलेल्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधाविना आटोक्यात होता. पण ते डाळ-भात कमी करून आठशेवर गेले नव्हते. जीवनसत्त्वं, क्षार, प्रोटीन मोजून घातलेलं तयार अन्न त्यांना दिलं होतं, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, आणि तपासणी सतत चालू होती. असा आहार चुकला की काय होतं तेही अमेरिकेने पाहिलं आहे: १९७० च्या दशकात दिवसाला तीन-चारशे कॅलरींच्या द्रवरूप प्रोटीनवर राहिलेली डझनावारी माणसं दगावली, त्यातली अनेक हृदयाचे ठोके बिघडून.

आता वजन उतरवायला आठवड्याला एक इंजेक्शन घेणारेही येतात, सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपटाइड. त्यांची अडचण उलटी. भूकच लागत नाही, आणि दिवस सहाशेवर निघून जातो ते कळतही नाही. तुम्ही ते घेत असाल तर भुकेची वाट बघू नका, घड्याळ लावून खा आणि प्रोटीन पहिल्या घासाला.

कमी पडतंय हे कसं ओळखायचं, आणि परत कसं चढायचं

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून हुरळून जाऊ नका, त्यात बहुतेक पाणी असतं. त्यानंतरही दर आठवड्याला दीड किलोच्या वर जात असेल तर वेग जास्त आहे. एवढ्या घाईत पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते. बाकी खुणा: सगळ्यांना उकडत असताना तुम्हाला थंडी, बद्धकोष्ठ, झोप उडणं, मुलांवर ओरडणं, दिवसभर खाण्याचाच विचार. केस तेव्हा गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून बायका शाम्पू बदलत राहतात. छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

जेवताना भीती वाटत असेल, खाल्लेलं उलटून टाकावंसं वाटत असेल, वजन खूप उतरूनही आरशात जाडच दिसत असाल, तर हा कॅलरीचा प्रश्न राहिलेला नाही. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि आत्ता सहाशे-सातशेवर असाल तर चढायचं असं. पाच-सहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, किंवा वजन फारच खाली असेल, तर घरी करू नका. एकदम भरपेट खाल्ल्याने रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांसमोरच सुरुवात करा. बाकीच्यांनी दर आठवड्याला रोजचे शंभर-दीडशे वाढवा. पहिल्या आठवड्यात वाटीभर उसळ किंवा दोन अंडी. दुसऱ्या आठवड्यात दूध किंवा दही. तिसऱ्यात भाकरी, चौथ्यात दाण्याची चटणी आणि थोडं तेल, असं करत आपण काढलेल्या आकड्यापर्यंत या. काटा एक-दोन किलो वर जाईल. ते पाणी आहे, पोटात आलेलं अन्न आहे. घाबरून परत सूपवर जाऊ नका. तीन आठवडे तरी काट्याकडे बघू नका, कंबरेचा टेप बघा. मधल्या काळात हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर आणि क्रिएटिनिन एवढ्या तपासण्या करून घ्या. आणि पाच किलो उतरले की वरचं गणित नव्या वजनाने पुन्हा मांडा, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो आणि तूट आपोआप लहान होत जाते. तूट अगदी दीडशेवर आली तर तिथे थांबून दोन महिने तेच वजन टिकवायचं, मग पुढचं ठरवायचं.